खापरावरची रेघ

मराठवाड्यात लग्नकार्यासाठी कुंभाराच्या घरून मडकी आणायची जुनी रीत आहे. जळकोट हे लातूर जिल्ह्याच्या टोकाचं, नांदेडच्या हद्दीला खेटलेलं तालुक्याचं गाव. इथून तेलंगणही फार लांब नाही, आणि हद्दीच्या दोन्ही अंगांना ही रीत ओळखीची आहे. एरवी साधं तांबडं असणारं मडकं लग्नासाठी नटतं. त्याच्या पोटावर चुन्याचे ठिपके येतात, गळ्याखाली गेरूचे पट्टे येतात, मधल्या जागेत नागमोडी रेघा येतात. तेलुगू मुलखात अशा मडक्यांना ‘ऐरेनी कुंडलू’ म्हणतात. संक्रांतीच्या सुगडांवर हळदीकुंकवाची बोटं ओढतात तीही याच कुळातली.

हे रंग मडकं भाजून झाल्यावर लावलेले असतात, म्हणून पाणी लागलं की चुना सुटतो आणि हात फिरला की गेरू पुसला जातो. पण याच महाराष्ट्रात सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे कुंभार नक्षी आधी काढत आणि भांडं मग भाजत. आगीने रंग मातीत पक्का बसवला. ती भांडी फुटली, तुकडे नांगराखाली आले, पुरांनी वाहून नेले, तरी त्यांच्यावरची काळी रेघ आजही जागची हललेली नाही. त्या रेघेची महाराष्ट्राने केली त्यापेक्षा जास्त कदर व्हायला हवी, आणि ती कशी करावी हे सातासमुद्रापार अमेरिकेतल्या काही कुंभारणींनी दाखवून दिलं आहे.

प्रवराकाठचं जोर्वे

संगमनेरजवळ प्रवरा नदीच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं. तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या, आणि त्यांच्यासोबत तांबड्या-नारिंगी रंगाची, काळ्या नक्षीची भांडी मिळाली. पुढे तशीच भांडी नेवासे, दायमाबाद, चांदोली, इनामगाव, खानदेशातलं प्रकाशे आणि बहाळ अशी ठिकठिकाणी सापडत गेली. ज्या लोकांनी ती केली त्यांचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून अभ्यासकांनी त्या संस्कृतीला गावाचंच नाव दिलं. तिचा भर ख्रिस्तपूर्व १४०० ते १००० असा चार शतकांचा, आणि इनामगावसारख्या ठिकाणी ती पुढे ख्रिस्तपूर्व ७०० पर्यंत टिकली.

मराठवाडाही यातून सुटलेला नाही. पैठणजवळचं गोदाकाठचं आपेगाव आपल्याला ज्ञानेश्वरांमुळे माहीत आहे. १९७६ साली देव, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी तिथे उत्खनन केलं, तेव्हा ज्ञानेश्वरांच्याही दोन-अडीच हजार वर्षं आधीची रंगीत भांडी वापरणारी वस्ती उजेडात आली. जोर्वे पद्धतीची भांडी तर उत्तरेला नर्मदाकाठच्या नावडातोलीपर्यंत आणि दक्षिणेला कर्नाटकातल्या टेक्कलकोटपर्यंत पोचलेली दिसतात.

या भांड्यांची ओळख पटायला फार शिकावं लागत नाही. माती बारीक गाळलेली आणि चाकावर घडवलेली. अंग तांबडं, पण चकचकीत नाही. नक्षी काळी. घाट तीन ठळक आहेत. एक वाडगा, ज्याच्या पोटाला मध्येच कोन येऊन धार उमटते. दुसरी उंच गळ्याची, पसरट तोंडाची गोल घागर. तिसरं तोटीचं भांडं. ही तोटी पोटातून नळीसारखी तिरकी वर येते, आणि भांड्याला कान मात्र नसतो. पाणी किंवा दुसरं काही पातळ बेताने ओतायचं तर ते दोन्ही हातांत धरूनच वाकवायचं.

खापर हातात घेऊन टिचकी मारली की धातूसारखा खणखणीत नाद येतो. भाजणीची ही परीक्षा मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही कथा कीर्तनातून घरोघर पोचली आहे. बाजारात माठ घेताना आजही आपण बोटाच्या पेरांनी तो वाजवून बघतो. कच्चा माठ बदबद वाजतो आणि पक्का गातो. जोर्वेच्या कुंभाराचा माल त्या परीक्षेत ३,४०० वर्षांनंतरही उतरतो.

रेघ नीट बघू

नक्षी सहसा भांड्याच्या वरच्या अर्ध्या भागावर असते. त्यामागे साधी व्यवहारी समज आहे. घरात भांडं जमिनीवर किंवा दुसऱ्या भांड्यावर ठेवलेलं असतं, बघणारा उभा असतो, त्याची नजर खांद्यावर आणि गळ्यावरच पडते. खालच्या बाजूला घासणारं, झिजणारं काम, तिथे रंग लावून उपयोग नाही.

खांद्यावर आधी आडवे पट्टे येतात. भांडं फिरतं ठेवून कुंचला नुसता स्थिर धरला की पट्टा आपोआप गोल येतो. या पट्ट्यांनी चौकट आखली जाते. मग त्या चौकटीत हाताचं काम सुरू होतं: जाळीने भरलेले चौकोन, शंकरपाळ्या, टोकं खाली केलेले त्रिकोण, शिडीसारख्या पायऱ्या, तिरप्या समांतर रेघांचे जुडगे. एका जुडग्यात चार-सहा रेघा असतात. पहिली रेघ रंगाने भरलेली, शेवटची जराशी फिकट, कारण कुंचल्यातला रंग संपत आलेला असतो. पुढच्या जुडग्याला रेघ पुन्हा गडद होते. कुंभाराने कुंचला रंगात कधी बुडवला, ते असं खापरावर वाचता येतं. जोर्वेच्या भांड्यांवर प्राणी क्वचितच येतात. तो कुंभार रेघेचा माणूस होता.

त्याच्या आधीचे लोक तसे नव्हते. तापी खोऱ्यातल्या सावळदा या गावावरून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या भांड्यांवर मोर, मासे, बाणांची टोकं अशी ओळखू येणारी चित्रं आहेत. दायमाबादला हे थर एकावर एक सापडतात. सगळ्यात खाली ख्रिस्तपूर्व २२०० च्या सुमाराची सावळदा भांडी, वर हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळाची, आणखी वर माळवा पद्धतीची आणि सगळ्यात वर जोर्वे. १९७४ साली तिथे सापडलेला कांस्याचा बैलरथ, हत्ती, गेंडा आणि रेडा यांमुळे दायमाबाद जगभर गाजलं, आणि ते योग्यच होतं. पण हजारभर वर्षांत एका गावाची आवड कशी बदलत गेली, हे त्या चार कांस्यमूर्तींपेक्षा तिथली खापरंच जास्त सांगतात.

आता प्रश्न रंगाचा. मातीत लोह असतं. आव्यात हवा मोकळी खेळली तर त्या लोहाला प्राणवायू मिळतो आणि भांडं तांबडं होतं. हवा कोंडली, धूर साठला, तर तेच भांडं काळपट किंवा राखाडी निघतं. म्हणून तांबड्या भांड्यावर काळी रेघ ठेवणं सोपं नाही. नुसत्या लोहाचा रंग लावला तर ज्या आगीने भांडं तांबडं झालं त्या आगीने रेघही तांबडी होईल. मँगनीज असलेल्या खनिजाचा रंग मात्र मोकळ्या हवेतल्या आगीतही काळाच राहतो. कोणत्या दगडाची पूड आगीत काय होते, हे ठाऊक असल्याशिवाय कुंचला हातात घेऊन भागत नाही. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्याकडे हे ज्ञान होतं, आणि ते बापाकडून लेकाकडे, सासूकडून सुनेकडे हातोहात जात होतं.

इनामगावच्या जमिनीखाली

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ पासून पुढे दीड दशकभर डेक्कन कॉलेजने तिथे खोदकाम केलं. शंभराहून अधिक घरं उघडी झाली, कुंभाराची भट्टी सापडली, पाण्याचा पाट आणि बांध सापडला. शेतात मुख्य पीक सातूचं होतं.

त्या घरांच्या जमिनीखाली मुलं पुरलेली होती. दोन जाड राखाडी रांजण तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवायचे आणि त्यांच्या पोटात बाळ, अशी ती पद्धत. सोबत तोटीचं भांडं आणि वाडगे, म्हणजे खाण्यापिण्याची सोय. मोठ्या माणसांना उताणं झोपवून पुरत आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडत. याला अपवाद असलेलं एक वेगळं दफन मिळालं. चार पायांच्या, माणसाच्या पोटासारख्या फुगीर रांजणात एक प्रौढ पुरुष बसवलेला होता, आणि त्याचे पाय शाबूत होते. त्याच्याबरोबरच्या भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे. गावात मान असलेल्या माणसाला शेवटच्या प्रवासाला निघताना होडी देणारा कुंभार, त्या गावाचं दुःख आणि विश्वास दोन्ही जाणून होता.

इनामगावचीच खापरं या कलेचा शेवटही सांगतात. ख्रिस्तपूर्व १००० च्या सुमारास पाऊसमान बिघडलं, असं ढवळीकरांनी मांडलं. ऐसपैस चौकोनी घरं गेली, लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार आणि गुराढोरांवर भिस्त वाढली. त्याच थरांत भांड्यांची माती जाडीभरडी झाली, रेघा हयगयीने ओढलेल्या दिसू लागल्या. दुष्काळ मराठवाड्याला नवा नाही. घरात धान्य नसलं की नक्षीकडे कोण बघणार, हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

पुढे लोखंड आलं आणि आवडही बदलली. विदर्भात माहुरझरी, नायकुंड अशा ठिकाणी शिळावर्तुळांच्या दफनांत आतून काळी आणि बाहेरून तांबडी भांडी मिळतात. तिथे रेघेपेक्षा भाजणीची किमया मोठी. सातवाहनांच्या काळात पैठण, भोकरदन, तेर ही गावं भरभराटीला आली. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात तेरचा तगर म्हणून उल्लेख येतो. इथला माल भडोच बंदराकडे जात असे. या शहरांत घोटून चमकवलेली लाल भांडी आणि साच्यातून काढलेल्या मातीच्या मूर्ती चालल्या. रंगाने रेघ ओढायचं काम मागे पडलं, आणि मडक्यावरच्या रंगाला भाजल्यानंतरच्या चुन्या-गेरूपुरती जागा उरली.

खापर कुंभारणीच्या हाती

अमेरिकेच्या नैऋत्येला, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या कोरड्या प्रांतांत मूळ रहिवाशांची जुनी गावं आहेत. स्पॅनिश लोकांनी त्यांना प्वेब्लो म्हटलं आणि ते नाव राहिलं. सान इल्देफोन्सो, सांता क्लारा, झिया, ॲकोमा, झुन्यी आणि होपी लोकांची गावं ही त्यांतली काही. इथे परंपरेने मडकी घडवतात त्या प्रामुख्याने बायका, आणि चाक मुळीच नाही. मातीच्या वळ्या एकावर एक रचत भिंत चढवतात आणि हाताने सारखी करतात. कुंचला युक्का नावाच्या झाडाच्या पानाचा. पानाचं टोक चावून तंतू मोकळे केले की झाला कुंचला. एक काळा रंग रानभाजी उकळून आटवून करतात. ॲकोमा आणि झुन्यीच्या कुंभारणी जुनी फुटकी खापरं दळून नव्या मातीत मिसळतात, म्हणजे भाजताना भांडं तडकत नाही.

नक्षीत पायऱ्यापायऱ्यांचे ढग असतात, पावसाच्या उभ्या रेघा असतात, पिसं असतात, पाण्याचा नाग असतो. झुन्यीच्या हरणाच्या तोंडातून एक रेघ थेट काळजापर्यंत जाते. गळ्याभोवतीच्या पट्ट्यात काही कुंभारणी मुद्दाम बारीक फट ठेवतात. रेघ पुरती मिटवायची नाही, असा त्यांचा रिवाज. ज्या मुलखात पाऊस हीच सगळ्यात मोठी चिंता, तिथल्या पाण्याच्या भांड्यावर पाऊसच यावा यात नवल नाही. यांच्या पूर्वजांपैकी मिंब्रेस खोऱ्यातले लोक इसवी सन १००० ते ११३० च्या दरम्यान रंगवलेला वाडगा मृताच्या तोंडावर पालथा घालत आणि त्याच्या तळाला भोक पाडत. इनामगावच्या रांजणांशेजारी तो वाडगा ठेवला, तर मातीच्या भांड्यावर माणसाने किती भार टाकला होता ते कळतं.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथेही ही कला उतरणीला लागली होती. रेल्वेबरोबर पत्र्याची आणि कल्हईची भांडी आली, मडक्यांची गरज कमी झाली. तेव्हा होपी मुलखातल्या हानो गावच्या नॅम्पेयो या कुंभारणीने जवळच्याच सिक्यात्की या ओसाड गावाची खापरं निरखायला सुरुवात केली. १८९५ मध्ये जेसी फ्यूक्स या अभ्यासकाने तिथे उत्खनन केलं. नॅम्पेयोने त्या नक्षीची नुसती नक्कल केली नाही. पक्ष्याची चोच, पिसांचा पंखा, वळणं तिने उचलली आणि स्वतःच्या भांड्याच्या घाटाप्रमाणे नव्याने मांडली. म्हातारपणी तिची दृष्टी जवळजवळ गेली, तरी ती घडवत राहिली आणि घरातली माणसं रंगवत राहिली. तिच्या लेकी-नातींनी तो वारसा पुढे नेला.

दुसरी गोष्ट सान इल्देफोन्सोच्या मारिया मार्टिनेझची. १८८७ ते १९८० असं दीर्घ आयुष्य तिला लाभलं. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एडगर ह्यूएट या अभ्यासकाने उत्खननातली जुनी खापरं तिच्यापुढे ठेवली आणि तशी भांडी घडवून बघायला सांगितली. ती घडवायची आणि तिचा नवरा हुलियन रंगवायचा. १९१८-१९ च्या सुमारास दोघांनी काळ्यावर काळी नक्षी साधली. भांडं आधी गुळगुळीत गोट्याने घोटून आरशासारखं करायचं. मग त्यावर पातळ मातीच्या द्रवाने नक्षी काढायची. गोवऱ्यांची आग ऐन भरात आली की तिच्यावर घोड्याच्या लिदीची बारीक पूड ओतून आग कोंडून टाकायची. धूर आत अडकतो, प्राणवायू मिळत नाही, आणि तांबडं होऊ घातलेलं भांडं काळंभोर निघतं. घोटलेला भाग चमकतो, नक्षीचा भाग मंद राहतो. आपला कुंभार हीच लीद मातीत कालवतो आणि त्याच गोवऱ्यांवर आवा लावतो. साहित्य तेच आहे.

मग फरक कुठे पडला? तिथे जुनं खापर पुन्हा कुंभारणीच्या हाती पडलं. जमिनीतून निघालेली वस्तू पेटीत बंद झाली नाही. ज्या हातांना तिची भाषा कळत होती त्या हातांना ती दाखवली गेली. आपल्याकडे सांकलिया, देव, ढवळीकर यांनी आयुष्यं वेचून खापर अन् खापर नोंदवलं, अहवालांत रेखाटनं छापली, आणि ते ऋण फार मोठं आहे. पण ती रेखाटनं अभ्यासकांच्या कपाटात राहिली. जोर्वेच्या शंकरपाळ्या कुंभारवाड्यातल्या पोरीने बघितल्याच नाहीत.

इथून पुढे

काम अवघड नाही. आपल्या जवळच तेर आहे. तिथले रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातल्या पांढरीतून मिळणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जमवल्या, आणि त्यांच्याच नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आज तिथे आहे. एका माणसाच्या आवडीने काय होतं याचा तो धडधडीत पुरावा. जळकोट, उदगीर, मुखेड, कंधारच्या शाळांची सहल तिथे जावी, आणि त्या सहलीत कुंभारकाम करणाऱ्या घरांतली माणसं मानाने पुढे असावीत. पुण्याला जाणाऱ्यांनी डेक्कन कॉलेजचं संग्रहालय चुकवू नये. जोर्वे आणि इनामगावच्या नक्ष्यांची मोठी छापील चित्रं काढून ती चाकापाशी नेऊन द्यावीत. चित्रकलेच्या तासाला मुलांनी परदेशी नमुने गिरवण्याआधी या जाळ्या आणि शिड्या गिरवाव्यात. भाजण्याआधी कुठला रंग लावला तर टिकतो, हे प्रयोग करून बघायला ग्रामीण कुंभारकामाचं शिक्षण देणाऱ्या भद्रावतीच्या ग्रामोदय संघासारख्या संस्थांचा अनुभव हाताशी घ्यावा.

शेतकऱ्यांकडे एक मागणं आहे. नदीकाठच्या पांढरीच्या टेकाडावर नांगरताना तांबड्या अंगाची, काळ्या रेघांची खापरं वर आली तर ती उकरत बसू नयेत आणि फेकूही नयेत. जागा लक्षात ठेवावी, फोटो काढावा, आणि पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या शिक्षकांना कळवावं. खापर कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी होतं, यातच त्याचं अर्धं मोल असतं.

लग्नाच्या मडक्यावर चुन्याची बोटं ओढणाऱ्या बाईला नक्षी शिकवायची गरज नाही. तिचा हात तयार आहे. आव्यात टिकणारा रंग आणि तिच्याच मुलखातली ३,४०० वर्षांची जुनी रेघ, या दोन गोष्टी तिच्यापर्यंत पोचवायच्या आहेत. पुढचं ती करील, कारण नॅम्पेयोपाशीही याहून जास्त काही नव्हतं.